भारत, महाराष्ट्र आणि कोकण: तीन पातळ्यांवरच्या नकाशांसाठी प्रक्षेपणाची निवड

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका अभ्यास-अहवालासाठी तीन पातळ्यांवरचे नकाशे तयार करायचे आहेत: संपूर्ण भारताचा राज्यनिहाय, महाराष्ट्राचा तालुकानिहाय आणि कोकणातील जिल्ह्यांचा गावपातळीपर्यंतचा. सर्व शेपफाइल (सीमांची संगणकीय माहिती ठेवणाऱ्या फाइली) अक्षांश-रेखांशांत आहेत. क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर नकाशा दिसतो, पण देश काहीसा पसरट वाटतो. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ एका रीतीने काढले तर सुमारे २६ असा आकडा येतो आणि दुसऱ्या रीतीने काढले तर जवळजवळ साडेतीन लाख चौरस किलोमीटर येते. तिन्ही नकाशांसाठी एकच प्रक्षेपण (पृथ्वीचा गोल सपाट कागदावर मांडण्याची रीत) वापरावे की वेगवेगळी, आणि ही निवड कशाच्या आधारे करावी?

आधी थेट उत्तर देतो. भारताच्या राज्यनिहाय नकाशासाठी आल्बर्सचे समक्षेत्र शंकू प्रक्षेपण घ्यावे, महाराष्ट्रासाठी राज्याच्या विस्ताराला बेतलेले लॅम्बर्टचे अनुरूप शंकू प्रक्षेपण घ्यावे आणि कोकणासाठी यूटीएम या जगाचे पट्टे पाडून केलेल्या प्रक्षेपण-पद्धतीचा ४३ वा पट्टा घ्यावा. एकाच अहवालात तीन प्रक्षेपणे असण्यात काहीही गैर नाही. उलट, तिन्ही नकाशे एकाच प्रक्षेपणात कोंबण्याचा आग्रह धरला, तर किमान दोन नकाशांवर अन्याय होतो. मात्र ही नावे पाठ करून उपयोग नाही, कारण उद्या नकाशाचा विषय किंवा प्रदेश बदलला की उत्तरही बदलेल. म्हणून या निवडीमागचा विचार सविस्तर मांडतो.

गोलाचा पृष्ठभाग कुठेही ताण न देता सपाट करता येत नाही, हे गाऊस यांनी १८२७ साली गणिताने सिद्ध केले. त्यामुळे प्रत्येक सपाट नकाशात काहीतरी बिघडतेच, आणि प्रक्षेपण निवडणे म्हणजे काय बिघडू द्यायचे आणि काय राखायचे हे ठरवणे. समक्षेत्र प्रक्षेपण क्षेत्रफळांचे परस्पर प्रमाण राखते, पण त्यात आकार थोडे दबतात किंवा ताणले जातात. अनुरूप प्रक्षेपण प्रत्येक ठिकाणचे कोन आणि लहान आकार राखते, पण त्यात क्षेत्रफळ जागोजागी बदलते. हे दोन्ही गुण एकाच नकाशात कधीही मिळत नाहीत. म्हणून माझ्याकडे कोणी प्रक्षेपणाविषयी विचारायला आले की मी आधी एवढेच विचारतो की वाचक या नकाशावर कशाची तुलना करणार आहे. राज्यांच्या रंगवलेल्या क्षेत्रांची तुलना होणार असेल, तर समक्षेत्र हाच पर्याय उरतो. दिशा, कोन, रस्त्यांची वळणे, वाऱ्याचे बाण किंवा स्थानिक आकार महत्त्वाचे असतील, तर अनुरूप प्रक्षेपण घ्यावे. या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावर मगच प्रदेशाचा विस्तार, त्याचा आकार आणि त्याचे अक्षांश पाहावेत.

तुमचा भारताचा नकाशा राज्यनिहाय आहे, म्हणजे तो क्षेत्रघनी पद्धतीचा असणार, असे धरून चालतो. क्षेत्रघनी नकाशात प्रत्येक राज्याला त्याच्या मूल्यानुसार छटा दिली जाते आणि वाचकाचा डोळा त्या छटेने व्यापलेली जागा आपोआप मोजत असतो. ज्या राज्याची जागा फुगवलेली असते, त्याची छटा वाचकाच्या मनावर अधिक ठसते. टिंब पद्धतीच्या नकाशात तर हा दोष आणखी घातक ठरतो, कारण तिथे टिंबांची दाटी हाच नकाशाचा आशय असतो आणि जागा फुगली की दाटी विरळ दिसते.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. हिमाचल प्रदेशाचे क्षेत्रफळ ५५,६७३ चौरस किलोमीटर आहे आणि केरळचे ३८,८६३. म्हणजे हिमाचल केरळच्या साधारण १.४३ पट मोठे आहे. मर्केटरच्या प्रक्षेपणात लांबीचे प्रमाण अक्षांशाच्या कोज्येच्या व्यस्त प्रमाणात वाढते, आणि क्षेत्रफळ त्याच्या वर्गाने वाढते. केरळच्या मध्यावर, सुमारे साडेदहा अंशांवर, ही वाढ साडेतीन टक्क्यांच्या आत राहते. हिमाचलच्या मध्यावर, जवळजवळ ३२ अंशांवर, ती ३८ टक्के होते. परिणामी मर्केटर नकाशावर हिमाचल केरळच्या १.९ पटीहून मोठे, म्हणजे जवळजवळ दुप्पट दिसते. लोकसंख्येच्या घनतेचा किंवा साक्षरतेचा नकाशा यावर काढला, तर उत्तरेकडील विरळ वस्तीची राज्ये नकाशावर वरचढ होतात आणि दाट वस्तीचा दक्षिणेकडील किनारा आक्रसून जातो. यात आकडेवारी चुकलेली नसते, नकाशाही सुबक दिसतो, पण वाचकाचा समज मात्र चुकतो. मला ही चूक सर्वांत गंभीर वाटते, कारण ती कोणाच्याही लक्षात येत नाही.

अक्षांश-रेखांश जसेच्या तसे कागदावर मांडले की जे दिसते, तेही एक प्रक्षेपणच आहे, हे पुष्कळदा ध्यानात येत नाही. ईपीएसजी ही सॉफ्टवेअरमध्ये वापरली जाणारी प्रक्षेपणांच्या क्रमांकांची यादी आहे, आणि तिच्यात साध्या अक्षांश-रेखांशांचा क्रमांक ४३२६ आहे. ईपीएसजी ४३२६ मध्ये शेपफाइल उघडली की संगणक एका अंशाचे रेखांश आणि एका अंशाचे अक्षांश सारख्याच लांबीचे धरतो. प्रत्यक्षात १९ अंशांवर अक्षांशाचा एक अंश सुमारे ११०.७ किलोमीटरचा आणि रेखांशाचा एक अंश सुमारे १०५.३ किलोमीटरचा असतो. ३५ अंशांवर रेखांशाचा अंश जेमतेम ९१ किलोमीटर उरतो. त्यामुळे उत्तर भारत पूर्व-पश्चिम दिशेला २० टक्क्यांहून अधिक ताणला जातो. तुम्हाला देश पसरट वाटला तो याच कारणाने. माहिती साठवण्यासाठी ४३२६ उत्तम आहे आणि ती तशीच ठेवावी. छापील नकाशासाठी मात्र ते वापरू नये.

आता भारताला कोणते समक्षेत्र प्रक्षेपण बसते ते पाहू. मुख्य भूमी साधारण ८ ते ३७ उत्तर अक्षांशांत आणि ६८ ते ९७ पूर्व रेखांशांत पसरली आहे. उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम २,९३३ किलोमीटर आहे. विषुववृत्ताला लागून असलेल्या प्रदेशाला दंडगोल प्रक्षेपणे बसतात, मध्य अक्षांशांना शंकू प्रक्षेपणे बसतात आणि जवळजवळ गोलाकार विस्ताराच्या प्रदेशाला खमध्य प्रक्षेपणे बसतात, असा ढोबळ नियम आहे. भारत शंकू आणि खमध्य या दोहोंच्या सीमेवर येतो. आल्बर्स यांनी १८०५ साली मांडलेल्या शंकू प्रक्षेपणात दोन प्रमाण अक्षवृत्ते निवडावी लागतात. त्या दोन वृत्तांवर प्रमाण बिनचूक असते, त्यांच्या मधल्या भागात पूर्व-पश्चिम लांबी किंचित घटते आणि बाहेरच्या भागात किंचित वाढते. प्रदेशाच्या अक्षांशीय विस्ताराचा एक षष्ठांश भाग वरून आणि तेवढाच खालून सोडून ही वृत्ते घ्यावीत, असा जुना संकेत आहे. २९ अंशांचा सहावा भाग सुमारे पाच अंश धरला, तर वृत्ते १३ आणि ३२ अंशांवर येतात. या मांडणीत मध्य भारतात सुमारे दीड टक्का आणि दोन्ही टोकांना दोन टक्क्यांच्या आसपास आकार बिघडतो. एवढा फरक डोळ्यांना जाणवत नाही, आणि क्षेत्रफळ सर्वत्र खरे राहते.

लॅम्बर्ट यांचे समक्षेत्र खमध्य प्रक्षेपण भारताच्या मध्यावर, म्हणजे साडेबावीस अंश अक्षांश आणि साडेब्याऐंशी अंश रेखांशावर केंद्रित केले, तर आकारातील बिघाड कडेलाही एका टक्क्याच्या आसपासच राहतो. निव्वळ आकड्यांच्या हिशेबाने ते आल्बर्सपेक्षा थोडे सरसच ठरते. तरीही राष्ट्रीय नकाशासाठी मी आल्बर्स निवडतो. त्यात सर्व रेखावृत्ते सरळ रेषा असतात आणि अक्षवृत्ते एककेंद्री कमानी असतात. त्यामुळे वृत्तजाळी वाचायला सोपी जाते आणि शालेय भूगोलापासून परिचित असलेले देशाचे रूप कायम राहते. श्रीलंका, मालदीव, नेपाळ, म्यानमार यांच्यासह संपूर्ण दक्षिण आशिया दाखवायचा असेल, तेव्हा मात्र मी खमध्य प्रक्षेपणाकडे वळतो.

भारतासाठी ईपीएसजी ७७५५ या क्रमांकाचे एक तयार प्रक्षेपण सॉफ्टवेअरमध्ये मिळते. ते लॅम्बर्टचे अनुरूप शंकू प्रक्षेपण आहे. त्याचे मध्य रेखावृत्त ८० अंशांवर आहे आणि प्रमाण अक्षवृत्ते सुमारे १२.४७ व ३५.१७ अंशांवर आहेत. नावात भारत दिसतो म्हणून पुष्कळ जण ते डोळे झाकून सर्व कामांना वापरतात. रस्ते, नद्या, विमानमार्ग किंवा भूरूपे दाखवणाऱ्या सर्वसाधारण नकाशासाठी ते चांगलेच आहे. पण ते समक्षेत्र नाही. त्यात २४ अंशांवर लांबी सुमारे दोन टक्के कमी येते आणि कन्याकुमारीजवळ जवळजवळ तेवढीच जास्त येते. म्हणजे या दोन ठिकाणच्या क्षेत्रफळांच्या प्रमाणात सुमारे आठ टक्क्यांचा फरक पडतो. याचा एक बोलका परिणाम सांगतो. मध्य प्रदेशाचे क्षेत्रफळ ३,०८,२५२ चौरस किलोमीटर आणि महाराष्ट्राचे ३,०७,७१३, म्हणजे दोन्ही राज्ये जवळजवळ बरोबरीची असून मध्य प्रदेश किंचित मोठा आहे. या लॅम्बर्ट प्रक्षेपणात सपाट क्षेत्रफळ काढले, तर मध्य प्रदेश अधिक आक्रसलेल्या पट्ट्यात येत असल्यामुळे महाराष्ट्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास मोठा ठरतो आणि क्रमवारी उलटते. मर्केटरमध्ये हाच मध्य प्रदेश महाराष्ट्रापेक्षा सुमारे सहा टक्के मोठा दिसतो. म्हणून राज्यनिहाय नकाशासाठी आल्बर्सची मूल्ये क्यूजीआयएसच्या कस्टम प्रोजेक्शन्समध्ये एकदा भरून ठेवावीत, त्याला ओळखीचे नाव द्यावे आणि पुढे सर्वत्र तेच वापरावे.

मध्य रेखावृत्त कोणते घ्यावे, याविषयी दोन मते आढळतात. साडेब्याऐंशी अंशांचे रेखावृत्त भारतीय प्रमाणवेळेचे आहे आणि देशाच्या पूर्व-पश्चिम विस्ताराच्या जवळजवळ मध्यावर येते. ८० अंशांचे रेखावृत्त घेतले, तर द्वीपकल्पीय भारत अधिक सरळ उभा दिसतो. मला ८० अंशांची मांडणी पसंत आहे, कारण देशाची बरीचशी भूमी त्याच्या दोन्ही बाजूंना समतोल दिसते. पण ही आवडीची बाब आहे आणि क्षेत्रफळावर तिचा काहीच परिणाम होत नाही. परिणाम होतो तो उत्तर दिशेवर. शंकू प्रक्षेपणात रेखावृत्ते पंख्यासारखी फाकतात, त्यामुळे अरुणाचल प्रदेशाच्या पूर्व टोकाला खरी उत्तर दिशा कागदाच्या वरच्या दिशेपासून सहा अंशांहून अधिक कललेली असते आणि गुजरातच्या पश्चिम टोकाला विरुद्ध बाजूला चार अंशांहून अधिक. कोपऱ्यात ठसठशीत उत्तरबाण काढून मोकळे होण्याची आपल्याकडे सवय आहे. तो बाण फक्त मध्य रेखावृत्तावरच खरा असतो. राष्ट्रीय नकाशावर बाणाऐवजी पाच-पाच अंशांची फिकट वृत्तजाळी द्यावी. तिच्यातून दिशाही कळते आणि प्रक्षेपणाचे स्वरूपही कळते. प्रमाणपट्टीविषयीही हेच लक्षात ठेवावे. आल्बर्स नकाशावर एकच पट्टी दोन टक्क्यांच्या मर्यादेत सर्वत्र चालते; मर्केटरवर कन्याकुमारीची १०० किलोमीटरची पट्टी लडाखला लावली, तर २० टक्क्यांहून अधिक चूक होते.

महाराष्ट्राकडे आल्यावर चित्र बदलते, कारण विस्तार लहान झाल्याने सर्वच चांगल्या प्रक्षेपणांतील चुका झपाट्याने घटतात. राज्य साधारण १५.६ ते २२.१ अंश अक्षांशांत आणि ७२.६ ते ८०.९ अंश रेखांशांत आहे, म्हणजे ते पूर्व-पश्चिम अधिक लांब आहे. असा आकार शंकू प्रक्षेपणाला अगदी अनुकूल असतो. ईपीएसजी ७७६७ हे राज्यासाठी बेतलेले लॅम्बर्ट प्रक्षेपण आहे. त्याची प्रमाण अक्षवृत्ते १६.६२५ आणि २१.१२५ अंशांवर आहेत आणि मध्य रेखावृत्त ७६.७५ अंशांवर आहे. वर सांगितलेला षष्ठांशाचा संकेत महाराष्ट्राला लावून पाहिला, तर वृत्ते जवळजवळ याच जागी येतात. या मांडणीत राज्यभर कुठेही लांबीची चूक एका किलोमीटरमागे एका मीटरच्या आत राहते. आल्बर्स घेऊन तालुकानिहाय क्षेत्रघनी नकाशा केला, तर तात्त्विकदृष्ट्या ते अधिक शुद्ध ठरेल हे खरे. पण इथे दोहोंतला फरक छपाईच्या रेषेच्या जाडीतही दिसणार नाही. राज्य पातळीवर म्हणूनच मी प्रक्षेपणाच्या प्रकाराबाबत फार आग्रही राहत नाही. एका अहवालातील राज्याचे सर्व नकाशे एकाच प्रक्षेपणात असावेत, याबाबत मात्र आग्रही राहतो. जलसिंचनाच्या पानावर एक रूप आणि लोकसंख्येच्या पानावर दुसरे, असे झाले की वाचकाला पाने शेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

राज्य पातळीवरची नेहमीची चूक म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राला यूटीएमचा ४३ वा पट्टा लावणे. यूटीएममध्ये पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे केलेले असतात आणि प्रत्येक पट्ट्याचे आडवे मर्केटर प्रक्षेपण स्वतंत्र असते. ४३ वा पट्टा ७२ ते ७८ अंशांचा आहे आणि ४४ वा ७८ ते ८४ अंशांचा. ७८ अंशांचे रेखावृत्त अमरावती, यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांतून जाते. त्यामुळे अमरावती शहर एका पट्ट्यात आणि यवतमाळ शहर दुसऱ्या पट्ट्यात येते. याच सीमेवरील यवतमाळच्या अक्षांशावरचा एखादा बिंदू ४३ व्या पट्ट्यात मोजला, तर त्याचा पूर्व-सहनिर्देशक सुमारे ८,१३,००० मीटर येतो आणि ४४ व्या पट्ट्यात सुमारे १,८७,००० मीटर. शिवाय दोन्ही जाळ्यांची उत्तर एकमेकींशी सुमारे दोन अंशांनी कललेली असते. दोन पट्ट्यांतील फाइली नीट रूपांतर न करता जोडण्याचा प्रयत्न केला, की यवतमाळ जिल्ह्याचे दोन तुकडे शेकडो किलोमीटर दूर जाऊन पडतात. ही चूक निदान लगेच दिसते. न दिसणारी चूक पुढची आहे: ४३ वा पट्टा तसाच पूर्वेकडे खेचत नेला, तर गडचिरोली त्याच्या मध्य रेखावृत्तापासून पाच अंशांहून अधिक दूर पडते, तिथे लांबी एका किलोमीटरमागे सुमारे तीन मीटर वाढते आणि १४,४१२ चौरस किलोमीटरच्या जिल्ह्याच्या सपाट क्षेत्रफळात सुमारे ९० चौरस किलोमीटर जास्तीचे शिरतात. वनक्षेत्राच्या नोंदींसाठी हा आकडा क्षुल्लक म्हणता येत नाही. पूर्व विदर्भाचे स्वतंत्र काम असेल तर ४४ वा पट्टा घ्यावा. संपूर्ण राज्याचे असेल तर ७७६७.

कोकणाच्या बाबतीत मात्र हेच यूटीएम अतिशय छान बसते, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. यूटीएमच्या मध्य रेखावृत्तावर प्रमाण मुद्दाम ०.९९९६ ठेवलेले असते. त्यापासून दोन्ही बाजूंना सुमारे १८० किलोमीटरवर ते बरोबर १ होते आणि त्यापुढे वाढत जाते. ४३ व्या पट्ट्याचे मध्य रेखावृत्त ७५ अंशांवर आहे. कोकणाच्या अक्षांशांवर त्याच्या पश्चिमेला १८० किलोमीटर गेले की आपण साधारण ७३.३ अंश रेखांशावर येतो, आणि रत्नागिरी शहर जवळजवळ त्याच रेषेवर आहे. म्हणजे ज्या रेषेवर नकाशातील अंतर आणि गोलावरचे अंतर तंतोतंत जुळते, ती रेषा कोकणातून उत्तर-दक्षिण जाते. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतची चिंचोळी किनारपट्टी तिच्या जवळपासच राहते, त्यामुळे खास कोकणासाठी वेगळे आडवे मर्केटर बेतून फारसे काही पदरात पडणार नाही. याउलट अहिल्यानगरच्या परिसरात, म्हणजे मध्य रेखावृत्तालगत, दहा किलोमीटरचा रस्ता यूटीएममध्ये चार मीटर कमी भरतो. नकाशासाठी ते नगण्य आहे, पण रस्त्याच्या किंवा कालव्याच्या आखणीत अभियंत्यांना त्याचा हिशेब धरावाच लागतो. गोवा संपूर्णपणे ४३ व्या पट्ट्यात येतो आणि ३,७०२ चौरस किलोमीटरच्या त्या राज्याला यूटीएम पुरेसे आहे. दक्षिण कोकण आणि गोवा एकत्र दाखवायचे असतील तरी हाच पट्टा ठेवावा.

आता वेब-मर्केटरविषयी. ईपीएसजी ३८५७ हे प्रक्षेपण ऑनलाइन नकाशांच्या चौकोनी तुकड्यांसाठी रूढ झाले, आणि त्या कामात त्याचा गुण खरा आहे: कितीही जवळ गेले तरी चौकाचा काटकोन काटकोनच दिसतो आणि उत्तर नेहमी वर राहते. गल्ली शोधण्यासाठी ते योग्यच आहे. पण मागे ऑनलाइन नकाशाचा थर घेतला की क्यूजीआयएसचा प्रकल्प नकळत याच प्रक्षेपणात जाऊ शकतो आणि मग मोजमापेही त्यातच होऊ लागतात. १९ अंशांवर या प्रक्षेपणातले अंतर सुमारे ५.८ टक्के जास्त असते आणि क्षेत्रफळ सुमारे १२ टक्के जास्त. तुम्हाला महाराष्ट्राचे क्षेत्रफळ साडेतीन लाखांच्या घरात मिळाले त्याचे हे स्पष्टीकरण आहे. सुमारे २६ हा दुसरा आकडा चौरस अंशांचा होता. प्राथमिक आरोग्य केंद्राभोवती पाच किलोमीटरचा बफर (ठरावीक अंतरापर्यंतचे वर्तुळ) वेब-मर्केटरमध्ये काढला, तर जमिनीवर तो ४.७३ किलोमीटरचाच भरतो आणि वर्तुळातील क्षेत्र दहा टक्क्यांहून अधिक घटते. त्या कडेवर जी गावे असतील, ती सेवेच्या बाहेर पडल्याचे अहवालात छापले जाते. आरोग्य, शाळा, पाणी यांच्या नियोजनात अशा चुकीची किंमत प्रत्यक्ष माणसांना मोजावी लागते, म्हणून बफर काढण्यापूर्वी थराचे प्रक्षेपण तपासण्याची सवय मी प्रत्येक शिकाऊ सहकाऱ्याला लावतो.

सह्याद्रीच्या उतारांचा नकाशा करणाऱ्यांनीही हेच पथ्य पाळावे. उंचीची माहिती मीटरमध्ये आणि आडवे अंतर अंशांत असताना उतार काढला, तर सगळा प्रदेश कड्यासारखा उभा दिसतो आणि चूक लगेच उघडी पडते. पण वेब-मर्केटरमध्ये काढला, तर ३० अंशांचा उतार साडेअठ्ठावीस अंशांच्या आसपास येतो आणि कोणाला शंकाही येत नाही. दरडप्रवण भागाच्या वर्गवारीत ३० अंशांची मर्यादा ठेवली असेल, तर कितीतरी उतार धोकादायक वर्गातून गळून पडतील. उंचीचा रास्टर (लहान चौकटींच्या जाळीत साठवलेली माहिती) आधी यूटीएममध्ये न्यावा आणि मग उतार काढावा. रूपांतर करताना उंचीसाठी बायलिनियर पद्धत, म्हणजे शेजारच्या चौकटींची भारित सरासरी घेणारी पद्धत, वापरावी. भूमी-उपयोगाच्या रास्टरसाठी मात्र निकटतम शेजाऱ्याची पद्धत वापरावी, नाहीतर शेती आणि जंगल यांच्या क्रमांकांची सरासरी निघून भलताच तिसरा वर्ग जन्माला येतो.

क्षेत्रफळाच्या मोजणीबाबत क्यूजीआयएसमध्ये एक सोय आहे. डॉलरचे चिन्ह लावून लिहिलेले एरिया हे फंक्शन प्रकल्पात ठरवलेल्या लंबगोलावर (पृथ्वीच्या किंचित चपट्या आकाराच्या गणिती प्रतिमानावर) क्षेत्रफळ काढते, त्यामुळे थर कोणत्याही प्रक्षेपणात असला तरी उत्तर योग्य येते. त्या चिन्हाविना, भूमिती कंसात देऊन वापरलेले एरिया मात्र सपाट कागदावरचेच क्षेत्रफळ देते. प्रकल्पाच्या गुणधर्मांत लंबगोल डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएस ज्यावर चालते तो) ठेवला आहे ना, हे एकदा पाहून घ्यावे. अशा रीतीने काढलेले राज्याचे क्षेत्रफळ अधिकृत आकड्यापासून एका टक्क्याच्या आत असेल, तर तो फरक बहुधा सीमारेषेच्या सुलभीकरणाचा असतो.

गावपातळीवर उतरल्यावर प्रक्षेपणापेक्षा डेटमचा, म्हणजे अक्षांश-रेखांश कोणता लंबगोल कुठे ठेवून मोजले याचा, प्रश्न मोठा होतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने स्थलनिर्देशक नकाशे एव्हरेस्ट लंबगोलावर आणि बहुशंकू प्रक्षेपणात आहेत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर लोकांसाठी खुली झालेली मालिका डब्ल्यूजीएस ८४ आणि यूटीएमवर आहे. एव्हरेस्ट लंबगोलाचा विषुववृत्तीय अर्धअक्ष डब्ल्यूजीएस ८४ पेक्षा सुमारे साडेआठशे मीटरने लहान आहे आणि त्याचा मध्यही पृथ्वीच्या केंद्रापासून सरकलेला आहे. त्यामुळे जुन्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे जीपीएसच्या नोंदींवर ठेवले, तर महाराष्ट्रात शंभर मीटरहून अधिक घसरण होते. गावठाणाची विहीर शेजारच्या शिवारात जायला एवढे पुरेसे आहे. अशा वेळी प्रक्षेपण बदलून पाहण्यात वेळ घालवू नये. जुन्या शीटला संदर्भ देताना, म्हणजे स्कॅन केलेला नकाशा खऱ्या सहनिर्देशकांवर बसवताना, एव्हरेस्टवर आधारित कल्याणपूर डेटम निवडावा आणि मग सॉफ्टवेअरकडून डब्ल्यूजीएस ८४ मध्ये रूपांतर करून घ्यावे. शक्य असेल तिथे जुने देऊळ, पुलाचे टोक, तलावाचा बांध अशा न हललेल्या खुणांवर ते पडताळावे. बहुशंकू प्रक्षेपणात प्रत्येक शीटचे मध्य रेखावृत्त वेगळे असते, म्हणून अनेक स्कॅन केलेल्या शीट आधी जोडून मग एकदाच संदर्भ देण्याचा मोह टाळावा. प्रत्येक शीटला स्वतंत्र संदर्भ द्यावा, सर्व शीट एका प्रक्षेपणात आणाव्यात आणि त्यानंतरच जोडाव्यात.

भारताच्या नकाशात अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप शक्यतो त्यांच्या खऱ्या जागी दाखवावेत; आल्बर्सच्या चौकटीत ते सहज मावतात. लक्षद्वीपची बेटे इतकी लहान आहेत की क्षेत्रघनी छटा दिसत नाही, तेव्हा चौकटीत मोठे करून दाखवणे भाग पडते. अशा चौकटीला स्वतःची प्रमाणपट्टी द्यावी आणि शक्यतो समक्षेत्र प्रक्षेपणच ठेवावे. देशाची बाह्य सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच असली पाहिजे. १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमानुसार तिच्याशी न जुळणारा नकाशा प्रसिद्ध करणे दंडनीय आहे. ही सीमा एखाद्या छापील चित्रावरून गिरवू नये, कारण त्या चित्राचे प्रक्षेपण तुमच्या नकाशाशी जुळेलच असे नाही. सहनिर्देशकांसह मिळणारी सीमा घ्यावी आणि तिचेच रूपांतर करावे.

शेवटी, नकाशाच्या समासात प्रक्षेपणाची नोंद छापावी. नुसते ‘आल्बर्स’ किंवा ‘लॅम्बर्ट’ लिहून भागत नाही, कारण प्रमाण अक्षवृत्ते बदलली की नकाशा बदलतो. तुमच्या पहिल्या नकाशाखाली ‘आल्बर्स समक्षेत्र शंकू, प्रमाण अक्षवृत्ते १३° व ३२° उ., मध्य रेखावृत्त ८०° पू., डेटम डब्ल्यूजीएस ८४’ अशी ओळ येईल, दुसऱ्याखाली ‘लॅम्बर्ट अनुरूप शंकू, ईपीएसजी ७७६७’ आणि तिसऱ्याखाली ‘यूटीएम पट्टा ४३ उत्तर, ईपीएसजी ३२६४३’. पुढे कोणी हा अहवाल हाती घेऊन त्यातील सीमांवर स्वतःचा थर बसवू लागला, तर त्याला तुम्हाला काहीही विचारावे लागणार नाही.